दादीसा : एक कृतज्ञ स्मरण
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, म्हणजे १९७४-७५ साली, देशात ठिकठिकाणी ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांपैकीच आपला हा ट्रस्ट. त्यास पन्नास वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेच्या आरंभीच्या पृष्ठांवर संस्थापकांची छायाचित्रे आहेत, देणगीदारांची नामावली आहे, आणि ते उचितच आहे. परंतु ट्रस्टच्या पहिल्या पावतीपुस्तकात एक पावती अशी आहे, की जिच्यावर देणाऱ्याचे नाव नाही. ‘गुप्तदान, सोन्याच्या बांगड्या चार’ एवढीच नोंद. त्या बांगड्या कोणाच्या हातातल्या, हे त्या वेळी साऱ्या गावाला ठाऊक होते. तरी कागदावर नाव आले नाही, कारण देणाऱ्या माउलीची तीच अट होती. नातवंडांनीही ती अट मोडू दिलेली नाही. म्हणून या व्याख्यानातही नाव येणार नाही. घरची माणसे त्यांना दादीसा म्हणत आणि बाजारातली माणसे शेठाणीबाई. तेवढी ओळख पुरेशी आहे.

दादीसा या गावच्या नव्हेत. मारवाडातील, पाली परगण्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरात वडीलधारी माणसे छपनियाच्या गोष्टी सांगत. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ. त्याने मारवाडची गुरेढोरे संपवली, गावेच्या गावे चालती केली. खेजडीच्या झाडाची साल सोलून, दळून, पिठात मिसळून माणसांनी दिवस काढले. दादीसांचा जन्म त्यानंतर काही वर्षांनी झाला. पण ज्या घरात ते पीठ खाल्ले गेले त्या घरात त्या वाढल्या. जेवण झाल्यावर थाळी पाण्याने धुऊन ते पाणी पिण्याची आपल्याकडे रीतच आहे. दादीसांच्या थाळीकडे पाहिले, की ही रीत केवळ धर्माने शिकवलेली नाही, भुकेनेही शिकवलेली आहे, हे कळत असे.

त्यांचे सासरे त्याच छपनियानंतर दक्षिणेत उतरले होते. अशी कितीतरी घरे त्या काळात आणि त्याआधीही खानदेशात, नगर-बीडकडे, पुण्याकडे आली. आरंभी पाठीवर कापडाचे गाठोडे, मग बैल, मग आठवड्याच्या बाजारातले पाल, आणि एका पिढीने रस्त्यावरचे दुकान. दादीसांचे लग्न बालवयात मारवाडातच झाले. मुकलावा होऊन त्या निघाल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. मारवाड जंक्शनहून अजमेर, तेथून चितोड, रतलाम करीत खांडव्यापर्यंत छोटी लाइन. खांडव्याला गाडी बदलून भुसावळ, मनमाड, आणि मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. सारा प्रवास घुंगटात. स्टेशनांच्या पाट्या दिसत नव्हत्या, आणि दिसल्या असत्या तरी वाचता येत नव्हत्या. फेरीवाल्यांच्या आरोळ्यांवरून मुलूख बदलल्याचे कळे. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, हा चौविहाराचा नेम त्या मुलीने गाडीच्या गर्दीतही मोडला नाही. पुढे नातवंडांना त्या सांगत, की खांडव्यानंतर लोकांचे बोलणे समजेनासे झाले, तेव्हा रडू आले. परंतु नगरच्या स्टेशनाबाहेर एक बाई बाजरी विकत बसली होती, ती पाहून रडू थांबले. बाजरी मारवाडचीही आणि नगरचीही. सोगरा म्हणा की भाकरी म्हणा, थापणारा हात एकच.

भाषेचेही तसेच झाले. मारवाडीत ‘ळ’ आहे, त्यामुळे हिंदी मुलखातून आलेल्यांची जीभ जेथे अडखळते तेथे दादीसांची अडखळली नाही. त्यांना जड गेले ते नपुंसकलिंग. मारवाडीत दोनच लिंगे. त्यामुळे ‘ते लुगडे’ अखेरपर्यंत ‘तो लुगडा’च राहिले. बाजारच्या बायका हसत, त्याही हसत. दुकानाच्या गल्ल्यावर त्या कधी बसल्या नाहीत. पण लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबे पुरुषांना ओट्यावर ठेवून बायकांना आतल्या दारी पाठवीत. कोणत्या मुलीला कोणता खण शोभेल, कोणाला इरकल परवडेल आणि कोणाला परवडणार नाही, हे आत ठरे व बाहेर फाडले जाई.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सुवर्णमहोत्सवात ती बोलू नये असे काहींना वाटेल. आपली घरे या मुलखात आली ती कापड घेऊन आली, तशी वही घेऊनही आली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत आले. त्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती घरे होती. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा त्यातूनच झाला. दादीसा आल्या तेव्हा या घटनेस पन्नास वर्षे होत आली होती. पण गाव विसरले नव्हते. परक्या मुलखातून आलेल्या माणसाकडे गाव दोन नजरांनी पाहते. अडीनडीला याच्याच दारी जावे लागते, ही एक नजर. आणि हा आपला नव्हे, ही दुसरी. दादीसांचे आयुष्य या दोन नजरांमध्ये गेले.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आपण एकमेकांच्या घरी जाऊन खमतखामणा करतो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. बहुधा हे जैन घरांपुरतेच असते. दादीसा मात्र वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत जात. दुकानाशी ज्यांचा व्यवहार होता त्या प्रत्येक घरी जाऊन हात जोडून म्हणत, की वर्षभरात आमच्याकडून मन दुखावले असेल तर क्षमा करा. लोकांना आरंभी याचे नवल वाटे. एका वर्षी एका शेतकऱ्याच्या घरी, जेथे मुलीच्या बस्त्याची उधारी दोन हंगाम तटली होती, घरच्या बाईने त्यांना पाट दिला, हळदकुंकू लावले आणि म्हणाली, “शेठाणीबाई, माफी मागाया आलात, लई ब्येस केलंत. पण वही तेवढी घरीच ठेवून आलात.”

दादीसांनी घरी येऊन ते वाक्य दादोसांना जसेच्या तसे ऐकवले. दादोसा सचोटीचे व्यापारी होते. त्यांनी कधी गज आखूड धरला नाही. ते म्हणाले, की व्यवहार व्यवहाराच्या जागी, धर्म धर्माच्या जागी. त्यावर दादीसांनी विचारले, “दुकानाने ज्याला दुखावले, त्याची क्षमा घराने कशी मागावी?” या प्रश्नाचे उत्तर दादोसांना देता आले नाही, आणि खरे म्हणजे आजही कोणत्या व्यापाऱ्याला ते चटकन देता येईल असे नाही. त्या रात्री घरात बरेच बोलणे झाले म्हणतात. शेवटी जे ठरले ते असे : मुलीच्या लग्नाच्या बस्त्यावर व्याज लावायचे नाही, आणि संवत्सरीपासून दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत कोणाच्याही दारी वसुलीचा माणूस पाठवायचा नाही. काही खाती त्यामुळे बुडाली. दुकान बुडाले नाही. फार वाढलेही नाही.

आणखी एक नियम त्याआधीचा, दुसऱ्या महायुद्धातला. १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले, दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि चोरबाजारात एका ताग्याचे दाम ऐकून भल्याभल्यांचे चित्त विचलित होई. दादीसांनी आग्रह धरून मांजरपाटाचा एक तागा कपाटात वेगळा ठेवविला. तो कफनाचा. मयताच्या घरून आलेल्या माणसाने रांगेत उभे राहायचे नाही, आणि त्या कापडाची रक्कम नावे टाकायची नाही. तागा संपला की दुसरा त्याच जागी. नियंत्रण गेले तरी ही रीत राहिली.

धर्माचरणात त्या कडक होत्या. पहाटेचे सामायिक चुकले नाही. रेतीची घडी उलटी करून ठेवावी आणि अठ्ठेचाळीस मिनिटे जगाशी संबंध नाही. दोन्ही वेळचे प्रतिक्रमण मुखपाठ होते, पण अक्षरओळख नव्हती. माहेरची पत्रे येत ती महाजनी लिपीत, बिनकाना-मात्रांची. ती दादोसा वाचून दाखवीत. (काकाजी अजमेरला गेले की आजच मेले, हा त्या लिपीवरचा विनोद सर्वांना ठाऊकच आहे.) आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने पाथर्डीस १९३६ साली धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले, आणि पुढे त्या परीक्षा आपल्या गावातही होऊ लागल्या. त्या वेळी दादीसांची पन्नाशी उलटली होती. नातीच्या पाटीवर त्या अक्षरे शिकल्या आणि शाळकरी मुलींच्या रांगेत बसून पहिली परीक्षा दिली. पेपर लिहिताना हात कापत होता. उत्तीर्ण झाल्याचा कागद त्यांनी पेटीत ठेवला, भिंतीवर लावू दिला नाही.

त्यांचे सर्वच बरोबर होते असे म्हणणे हा त्यांचा गौरव ठरणार नाही. त्याच नातीला पुढे पुण्याच्या कॉलेजात पाठवायचा विषय निघाला, तेव्हा वसतिगृहाच्या जेवणात कंदमुळे असतात, रात्रीचे भोजन असते, या कारणाने दादीसांनी विरोध केला आणि तो मागे घेतला नाही. मुलीचे शिक्षण तेथेच थांबले. ज्यांनी स्वतः पन्नाशीनंतर पाटी धरली त्यांनी असे करावे, याचे दुःख त्या घरात अजून आहे. तसेच त्या पिढीच्या सोवळ्या-ओवळ्यापासून त्या मुक्त होत्या असेही नाही. त्यांचे मोठेपण हे, की एका वर्षाने त्यांना जे दाखविले ते त्यांनी पाहिले.

ते वर्ष १९७२ चे. आज जे साठीच्या पुढे आहेत त्यांना तो दुष्काळ सांगावा लागत नाही. विहिरींनी तळ गाठला, जनावरे कवडीमोलाने गेली. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. गावोगावच्या बायका खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामावर गेल्या, तेथे सुकडी वाटली जाई. आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यावरही खडीचे काम निघाले होते. आणि नेमक्या त्याच वर्षी आपल्या समाजाने नव्या स्थानकासाठी निधी गोळा करायला घेतला होता. आकडे बोलले गेले होते; काही रक्कम जमा झाली होती, बरीचशी यायची होती.

सभेत स्त्रिया बोलत नसत. दादीसा ओढणी घेऊन दाराआड बसल्या आणि मुलाकरवी त्यांनी निरोप पाठविला. निरोप असा, की जी रक्कम स्थानकासाठी जमा झाली ती धर्माची, तिला हात लावू नये. परंतु जे आकडे बोलले गेले आहेत आणि अद्याप दिले गेलेले नाहीत, ते या वर्षी दुष्काळाकडे द्यावेत, आणि पाऊस पडल्यावर स्थानकासाठी पुन्हा बोलावे. ज्यांनी हिशेब लिहिले आहेत त्यांच्या लक्षात येईल, की हा निरोप किती विचारपूर्वक केलेला होता. ज्या कारणासाठी दान घेतले त्याच कारणासाठी ते खर्चावे, हा धर्मादायाचा मूळ नियम त्यांनी मोडू दिला नाही. केवळ न भरलेल्या आकड्याकडे बोट दाखविले. तरीही सभा तापली. धर्मकार्य लांबणीवर टाकणारी बाई, असे शब्द त्या दिवशी उच्चारले गेले. काही घरांनी त्यांच्याकडचे येणे-जाणे बंद केले. निर्णय झाला तो अर्धवट : ज्याला वाटेल त्याने द्यावे. साधारण निम्म्या घरांनी दिले. स्थानकाचे काम मात्र थांबले, आणि त्याचा दोष पुष्कळ दिवस दादीसांच्या माथी राहिला.

जे मिळाले त्यातून गोदाम रिकामे करून तेथे मुले ठेवण्याची सोय झाली. खडी फोडणाऱ्या बायकांची तान्ही मुले उन्हात पडून असत. दुकानातला मांजरपाट फाडून झोळ्या केल्या, गोदामाच्या तुळयांना टांगल्या. पिण्याचे पाणी तीन मैलांवरच्या विहिरीवरून बैलगाडीवरच्या पिंपातून येई. दादीसा ते दुपदरी जाड फडक्यातून गाळीत आणि उकळीत. सरपणाला पैसे पडतात म्हणून घरातल्यांनी कुरकुर केली, ती त्यांनी ऐकली नाही. गाळल्यावर फडक्यात जे सूक्ष्म जीव राहतात, ती जीवाणी, ज्या पाणवठ्याचे पाणी त्याच पाणवठ्यात परत सोडायची, असा आपला आचार. विहीर तीन मैलांवर. दादीसा फडके अलगद तांब्यात खंगाळून तो तांब्या गाडीवानाच्या हाती देत, आणि गाडीवान तो परतीच्या खेपेत विहिरीत रिता करी. गावाने याची थट्टा केली. परंतु गाडीवानाने एकही खेप चुकविली नाही. मुलांच्या जिवाची आणि पाण्यातल्या जिवाची काळजी एकाच हाताने घेतली जात होती, ते तो रोज पाहत होता. त्या उन्हाळ्यात गोदामातल्या मुलांना हगवण-ओकारी लागल्याचे कोणाला आठवत नाही.

पहिल्या दिवशी गोदामात दोन तांबे होते, एक अमुकांचा आणि एक तमुकांचा. हेही सांगितले पाहिजे. आठवड्याभरात त्यांतला एक कोठे गेला हे कोणी विचारले नाही. तीस-चाळीस मुले एकदम रडत असताना कोणत्या झोळीतले मूल कोणत्या वस्तीचे, हे पाहण्यास कोणाला सवड नव्हती. दादीसांना तर नव्हतीच. दुष्काळ सरला, पण दुसरा तांब्या पुन्हा निघाला नाही.

पावसाळा चांगला लागल्यावर पारण्याच्या निमित्ताने घरात समजले, की त्या वर्षभर दादीसा एकाशन करीत होत्या. दिवसातून एकदा, एका बैठकीत जेवण. तो अभिग्रह त्यांनी मनातच धरला होता. जेवायला केव्हा बसल्या, कोठे बसल्या, याकडे मुलांच्या धबडग्यात कोणाचे लक्ष गेले नव्हते.

निर्वाण महोत्सवाचे वर्ष आले तेव्हा स्थानकाचा विषय पुन्हा निघाला आणि या वेळी रीतसर ट्रस्ट नोंदवावयाचे ठरले. आकडे पुन्हा बोलले गेले, पण तोवर महागाईने अंदाजपत्रक वाढले होते, आणि तूट किती हे सभेत वाचून दाखविले गेले. त्याच संध्याकाळी दादीसांनी हातातल्या चारही बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या आणि मुलाबरोबर पाठविल्या. दोन अटी होत्या. पहिली आरंभी सांगितली, नावाची. दुसरी अशी, की स्थानकाच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक पाणपोई असावी, आणि तिला दार नसावे. दार असले की ते कधीतरी लागते, असे त्या म्हणाल्याचे त्यांच्या सुना सांगतात.

ज्या वयोवृद्ध श्रावकांनी १९७२ च्या सभेत कठोर शब्द उच्चारले होते, ते त्या वर्षीच्या संवत्सरीला सर्वांत आधी दादीसांच्या दारी आले. दोघांचे बोलणे काय झाले ते कोणी ऐकले नाही. पुढे पाणपोईचा दगड त्यांनीच स्वखर्चाने बसवून दिला, आणि त्यांनीही त्यावर नाव घातले नाही.

दादीसांना जाऊन आता तीन तपे होत आली. त्यांच्या पेटीत सामायिकाचे आसन, पूंजणी, रेतीची घडी, पाथर्डीच्या परीक्षेचा कागद आणि मुहपत्तीसाठी काढून ठेवलेले कोरे पांढरे कापड निघाले. मुहपत्ती त्या नेहमी कोऱ्या ताग्यातून काढीत. दुकानात उरलेले तुकडे धर्माच्या कामाला वापरायचे नाहीत, हा त्यांचा नेम. ज्या नातीचे शिक्षण थांबले होते तिला ती घडी मिळाली. तिची स्वतःची मुलगी पुण्याला शिकली.

ट्रस्टच्या पाणपोईला अद्याप दार नाही. मध्यंतरी भांड्यांची चोरी झाली तेव्हा जाळीचे दार बसवावे असा ठराव आला होता. तो चर्चेअंती मागे घेण्यात आला आणि भांडी साखळीने बांधली गेली. बाजाराच्या दिवशी माठ दोनदा भरावे लागतात. पाणी आजही दुपदरी फडक्यातून गाळले जाते. हे काम सध्या ज्या दोन भगिनी करतात, त्यांतील एक त्याच गाडीवानाची नात आहे.

जय जिनेंद्र.